बेतलेला काळ

8 ऑगस्ट 1949. तुम्ही कल्याण कॅम्पातल्या एका बराकीच्या दारात उभे आहात. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी बांधलेल्या अशा दोन हजारांवर बराकी या माळावर रांगेनं पसरल्या आहेत, आणि त्यांत आता सिंध सोडून आलेली लाखभर माणसं राहतात. एका बराकीत किती बिऱ्हाडं आहेत ते आतल्या दोऱ्यांवरून मोजायचं. दोरी ताणली, तिच्यावर साडी नाहीतर गोणपाट टाकलं, की पलीकडे दुसऱ्याचा संसार. आज गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी कोनशिला बसवायला येणार आहेत. छावणीला उल्हासनगर हे नाव मिळणार आहे.

आत एक बाई शिवणयंत्रावर बसली आहे. जुन्या पडद्यातून पोरांच्या चड्ड्या निघतायत; उद्या तिचा नवरा त्या गाडीत फिरून विकेल. तिच्याकडे टेप नाही. वीत आणि बोटं यांवर ती माप घेते, आणि ते चुकत नाही, कारण वीतभर कापडही वाया घालवायची ऐपत नाही. तिच्या हाताकडे नीट बघून घ्या.

ज्या बाईंच्या मागावर तुम्ही निघाला आहात त्या इथल्या नव्हेत. त्या कोल्हापूरच्या. पण सिनेमाच्या पडद्यासाठी त्यांनी बेतलेले कपडे पुढे अशाच वस्त्यांमधल्या यंत्रांवर पुन्हा पुन्हा शिवले गेले, त्यांचं नावही ठाऊक नसलेल्या हातांनी. त्यांना समजून घ्यायचं तर पुरस्कारांच्या व्यासपीठापेक्षा शिवणयंत्रापासून सुरुवात केलेली बरी.

कल्याणला गाडीत बसा आणि 1951 मध्ये बोरीबंदरला उतरा. रस्ता ओलांडला, चार पावलं चाललं की जे. जे. स्कूल ऑफ आर्टचं आवार. झाडाखाली एक सडपातळ मुलगी फळीवर कागद लावून बसली आहे. भानुमती अण्णासाहेब राजोपाध्ये. जन्म 28 एप्रिल 1929. कोल्हापूरच्या राजोपाध्यांचं घराणं, सात भावंडांतली तिसरी. वडील चित्रकार. चित्रपटकार बाबूराव पेंटरांच्या कोल्हापुरात ब्रश आणि कॅमेरा या दोन्ही गोष्टी एकाच अंगणात नांदत होत्या, आणि या मुलीनं रंग घरातच पाहिले. वडील लवकर गेले. ती मुंबईला आली ती चित्रकार व्हायला, आणि यंदा तिला चित्रासाठी उषा देशमुख सुवर्णपदक मिळालं आहे.

दोन वर्षं पुढे सरका. 1953. सूझा, रझा, हुसेन, आरा यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात तिची चित्रं भिंतीवर आहेत. त्या गटातली ती एकटी स्त्री. भारतीय चित्रकलेच्या इतिहासात हे वाक्य फार उशिरा, तिच्या मृत्यूच्या आसपास, मोठ्यानं म्हटलं गेलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चित्रांवर घर चालत नव्हतं. ती ‘ईव्हज वीकली’साठी फॅशनची रेखाटनं करू लागली: उभट अंगाच्या बाया, साडीच्या निऱ्यांची चार रेघांत पकडलेली पडण. मग त्याच साप्ताहिकाच्या संपादिकेनं बुटीक उघडलं आणि तिला विचारलं, कागदावर काढतेस ते कापडात करून बघतेस का? तुम्ही बुटीकच्या कोपऱ्यात उभे राहून हा क्षण पाहा. कागदावरची रेघ कुठेही वळते. कापड तसं वळत नाही. त्याला ताणा असतो, बाणा असतो, वजन असतं, आणि आत एक जिवंत माणूस असतो जो बसतो, उठतो, घामेजतो. चित्रकार म्हणून शिकलेलं सगळं तिला इथे नव्यानं शिकावं लागलं, आणि तिला ते आवडलं. गिऱ्हाइकांमध्ये कामिनी कौशल होत्या. त्यांच्यामागून सिनेमा आला. नर्गिसनं राज कपूरपर्यंत नेलं, आणि 1955 च्या ‘श्री 420’मध्ये नादिराच्या अंगावरचा तो झळाळता, अंगासरशी बसलेला गाऊन सगळ्या देशानं पाहिला. पुढच्या वर्षी गुरुदत्तच्या संस्थेच्या ‘सी. आय. डी.’पासून श्रेयनामावलीत तिचं नाव येऊ लागलं. ‘प्यासा’, ‘कागज के फूल’, ‘चौदहवीं का चाँद’, ‘साहिब बीबी और गुलाम’ हे सगळे ओळीनं तिच्याकडे आले. सत्येंद्र अथय्यांशी लग्न झालं आणि भानुमती राजोपाध्येची भानू अथय्या झाली.

आता परत या. 1965 चा शेवट, उल्हासनगर. बराकींना भिंती आल्या आहेत, रस्त्यालगत दुकानं लागली आहेत. शहाडला सेंच्युरी रेयॉनमध्ये लाकडाच्या लगद्यापासून रेशमासारखा चकाकणारा धागा निघतोय. आणि शिंप्याच्या दुकानात दोन मुली आल्या आहेत. त्यांना ‘वक्त’ चित्रपटातल्या साधनासारखा चुडीदार हवा.

साधना ही कराचीत जन्मलेली सिंधी मुलगी, शिवदासानींची. फाळणीत तिचं कुटुंबही असंच सगळं सोडून मुंबईला आलं. त्यामुळे या गल्लीत तिच्याबद्दल घरच्यासारखा अभिमान आहे. ‘वक्त’मधला तिचा तंग चुडीदार आणि बिनबाह्यांचा अंगाबरोबरचा कुडता तिनं आणि भानूनं मिळून ठरवला. तोवर पडद्यावरची आधुनिक, श्रीमंत मुलगी साडीत नाहीतर फ्रॉकमध्ये असायची. चुडीदार हा मुस्लिम सामाजिक चित्रपटांचा, जुन्या हवेल्यांचा वेश मानला जाई. या दोघींनी तो त्याच आधुनिक मुलीच्या अंगावर चढवला.

दुकानातला मास्तर काय करतो ते पाहा, कारण सगळी गंमत इथे आहे. चुडीदार सरळ कापडात बेतला तर पोटरीवर अडतो, खाली बसलं की गुडघ्यावर उसवतो. तो उरेब बेतावा लागतो. मास्तर आधी कापडाच्या कडा तिरप्या जोडून एक थैली शिवतो, मग ती थैली फळीवर अशी पसरतो की तिची वीण तिरकी पडते, आणि त्यावर खडू चालवतो. तिरक्या विणीचं कापड किंचित लवतं, पायाबरोबर जातं. घोट्याशी लांबी मुद्दाम जास्त ठेवायची, म्हणजे चुण्या बांगड्यांसारख्या एकावर एक बसतात. मास्तरनं हे नवं शोधलेलं नाही, त्याच्या बापालाही येत होतं. नवं आहे ते गिऱ्हाईक. कॅम्पात वाढलेल्या, टायपिंग शिकणाऱ्या या मुलींना जुनं कौशल्य नव्या कारणासाठी हवंय. माझ्या मते भानू अथय्यांची खरी ताकद हीच होती. घरात पडून असलेली गोष्ट त्या उचलत आणि ती कुणाच्या अंगावर शोभेल हे नेमकं ओळखत.

आता शेजारच्या अंबरनाथला उतरा. शंभर वर्षं मागे गेलात तरी भागणार नाही. पार शके 982 मध्ये, म्हणजे इ. स. 1060 मध्ये जा. वालधुनीच्या काठी शिलाहार राजा माम्वाणीच्या काळातलं शिवमंदिर पुरं होतंय. काळा बसाल्ट, छिन्नीचा आवाज. एक कारागीर बाहेरच्या भिंतीवर नर्तकी कोरतोय. तिला वस्त्र नेसवायचं आहे, पण दगडात. तो काय करतो? मांडीवर आडवी एक बारीक रेघ, तेवढ्यानं तलम कापडाचा काठ कळतो. दोन पायांच्या मध्ये खाली ओघळणारा सोगा. कमरेला मेखला, तिचे गोंडे मांडीवर. बस्स. उरलेलं कापड बघणाऱ्यानं मनात विणायचं. आज मूर्ती ऊनपावसानं झिजल्यात, तरी ती रेघ हाताला लागते.

हीच नजर घेऊन 1960 च्या दशकाच्या मध्यावर अजिंठ्याला चला. लेख टंडन ‘आम्रपाली’ करतायत; वैशालीची नगरवधू वैजयंतीमाला, मगधाचा अजातशत्रू सुनील दत्त. भानू अथय्या लेण्यांत उभ्या आहेत. बाहेरचं ऊन डोळ्यांत आहे म्हणून आधी काहीच दिसत नाही. मग हळूहळू भिंत उजळते. पहिल्या लेण्यात महाजनक जातकातली नर्तकी, आणि तिच्या अंगात चक्क लांब बाह्यांचा शिवलेला कपडा. दासींच्या अंगात चोळ्या. राण्या मात्र जवळजवळ निर्वस्त्र, फक्त पट्टेरी तलम वस्त्र आणि मोती. म्हणजे शिवलेलं कापड नोकरांचं आणि कलावंतांचं, नेसलेलं कापड राजघराण्याचं. चित्रकाराच्या डोळ्याला हा भेद चटकन दिसतो. प्राचीन काळ म्हणजे सगळे एकसारखे, असं त्यांना करायचं नव्हतं.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. अजिंठ्याची ही चित्रं पाचव्या शतकातली, आणि आम्रपाली बुद्धाच्या काळातली. मध्ये जवळपास हजार वर्षं आहेत. म्हणजे ‘आम्रपाली’तली कंचुकी आणि धोतीसारखं नेसलेलं वस्त्र हा बुद्धकाळाचा पुरावा नाही. ती भानू अथय्यांची निवड आहे, आणि मला ती योग्य वाटते. त्या काळाची चित्रं शिल्लक नाहीत. उपलब्ध असलेल्यांत सगळ्यांत जिवंत साक्ष अजिंठ्याची, म्हणून तिच्याकडे जायचं. चित्रपट चालला नाही. ऑस्करसाठी भारतानं तो पाठवला, तिथेही काही झालं नाही. पण त्यानंतर नाटकात, दूरदर्शनवर, शाळेच्या स्नेहसंमेलनात कुणीही ‘प्राचीन भारत’ उभा केला की अंगावर तेच वस्त्र चढतं.

1968 मध्ये ‘ब्रह्मचारी’. शम्मी कपूरबरोबर नाचणाऱ्या मुमताजची नारिंगी साडी. इतक्या झपाट्याच्या नाचात नेसलेली साडी टिकत नाही, निऱ्या सुटतात, पदर पायात येतो. म्हणून ही साडी आधीच शिवून ठेवलेली, अंगाला घट्ट, सोनेरी काठ थरावर थर चढवलेले. गरज नाचाची होती, आणि त्यातून बायकांना साडीची एक नवीन जात मिळाली.

आता थांबा ते 1980 च्या हिवाळ्यात, दिल्लीला. रिचर्ड अॅटनबरोंचा ‘गांधी’ सुरू होतोय. या चित्रपटासाठी ते सतरा वर्षं धडपडले, आणि भानू अथय्यांची निवड त्यांनी पंधरा मिनिटांत केली. ते स्वतःच तसं सांगत. तयारीला जेमतेम तीन महिने. इंग्रजांचे गणवेश आणि विलायती कपडे जॉन मोलो बघणार, ज्यांना ‘स्टार वॉर्स’साठी ऑस्कर मिळालेलं आहे. भारत सगळा बाईंकडे.

कपड्यांच्या दांड्यांमधून सावकाश चाला. हा 1893 चा बॅरिस्टर: काळा कोट, ताठ कॉलर, डोक्याला पगडी. हा 1915 चा, अपोलो बंदरावर उतरणारा काठियावाडी फेटा. मग साधा कुडता आणि धोतर. मग 22 सप्टेंबर 1921, मदुराई. सकाळी गांधी बाहेर आले ते फक्त पंचा नेसून. आणि 1931 मध्ये तोच पंचा लंडनच्या थंडीत, वर एक शाल. नेहमीच्या चित्रपटात नायक मोठा होत जातो तसे त्याचे कपडे वाढतात, भारी होतात. इथे उलट. माणूस वाढत जातो आणि कापड कमी होत जातं. वेशभूषाकारानं करायचं काय, जेव्हा नायकाच्या अंगावर शेवटी दोन-चार हात खादी उरते?

तर त्या दोन-चार हातांचा पोत बघायचा. गिरणीचं कापड सरळ पडतं, हातसुताचं पडत नाही; त्यात गाठी असतात, ते जाड-बारीक असतं, अंगावर फुगतं, धुऊन धुऊन मऊ पडतं. आणि मग गर्दीकडे बघायचं. गांधी टोपी 1920 च्या आसपास लोकांच्या डोक्यावर आली. त्याआधीच्या प्रसंगात एकही दिसता कामा नये. चंपारणचा शेतकरी वेगळा, अहमदाबादचा गिरणी कामगार वेगळा, अमृतसरचा फेटा वेगळा. नेहरूंचे कपडे वडिलांच्या घरातल्या रेशमाकडून खादीकडे कधी सरकले, कस्तुरबांच्या साडीचा काठ कधी साधा झाला, याचा हिशेब वर्षावर्षानं ठेवायचा. रोहिणी हट्टंगडी पडद्यावर तरुण बायकोपासून आगाखान पॅलेसमधल्या म्हातारीपर्यंत जातात. वय वाढल्याचं काम मेकअप करतो, पण तुम्हाला ते पटतं त्यात पदराचाही वाटा आहे, खांद्यावरून तो कसा घसरतो याचा.

31 जानेवारी 1981. राजपथावर अंत्ययात्रेचं चित्रीकरण, तीन लाखांच्या आसपास माणसं. तुम्हीही त्यात आहात. कडेच्या माणसाच्या अंगावरची शाल खरी वाटते, आणि ती खरी आहे म्हणून तुमचाही गळा दाटतो.

11 एप्रिल 1983 ची लॉस एंजेलिसमधली रात्र मी लवकर उरकतो, कारण ती सगळ्यांना ठाऊक आहे. जॉन मोलो आणि भानू अथय्या अशी दोन नावं पुकारली गेली. ऑस्कर जिंकणारी पहिली भारतीय व्यक्ती व्यासपीठावर साडीत गेली, दोन-तीन वाक्यं बोलली, भारताकडे जगाचं लक्ष वेधल्याबद्दल अॅटनबरोंचे आभार मानले आणि खाली उतरली.

2000 मध्ये भुजजवळच्या कुनारिया गावी जा. आशुतोष गोवारीकरांचा ‘लगान’. बाई सत्तरीच्या आहेत आणि उन्हात उभ्या आहेत. कथा 1893 ची. तुम्ही हे साल आत्ताच ऐकलंत: त्याच वर्षी पीटरमॅरिट्झबर्गला कोटातल्या गांधींना गाडीतून खाली उतरवलं गेलं. एकाच वर्षाची दोन टोकं, एक आफ्रिकेच्या रेल्वे डब्यात, एक दुष्काळी गावात, आणि दोन्हीकडची माणसं एकाच बाईनं सजवली. चित्रपटातल्या चंपानेरच्या माणसांचे कपडे धुळीच्या रंगाचे आहेत, पाऊस न पडलेल्या गावाचे. ‘लेकिन’नंतर ‘लगान’साठी त्यांना दुसऱ्यांदा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे ‘स्वदेस’, आणि 2015 मध्ये मराठी ‘नागरिक’.

या वर्षांत उल्हासनगर कुठे पोचलं? पाच नंबर कॅम्पात घराघरांत जीन्स. एका खोलीत कटिंग, दुसरीत शिलाई, तिसरीत काज-बटण, रस्त्यावर ढीग. मुंबईच्या फुटपाथपासून उत्तरेतल्या बाजारांपर्यंत इथला माल गेला. जीन्स धुणाऱ्या, रंगवणाऱ्या कारखान्यांचं पाणी वालधुनीत गेलं आणि अंबरनाथच्या मंदिराला वळसा घालून येणारी नदी इथे निळी झाली. गेल्या दशकात हरित लवादाच्या आणि न्यायालयाच्या आदेशांनंतर हे धुलाई कारखाने बंद पडले, अनेकांचे हात रिकामे झाले. नदी वाचायलाच हवी होती. पण सांडपाण्याची सोय आधी झाली असती तर दोन्ही वाचलं असतं, आणि हे करणं कुणाच्या तरी हातात होतं.

2012, डिसेंबर. दक्षिण मुंबईतल्या घरी बाई आपलं ऑस्कर बांधून अकादमीकडे परत पाठवतायत. आजार कळला आहे. आपल्यानंतर हे कुठे सुरक्षित राहील, याचं उत्तर त्यांना या देशात सापडलं नाही. आपल्या आख्ख्या वाटचालीतून इतकी शांत आणि इतकी जिव्हारी लागणारी तक्रार दुसरी कुणी केल्याचं मला आठवत नाही. ‘द आर्ट ऑफ कॉस्च्युम डिझाइन’ हे पुस्तक त्या आधीच, 2010 मध्ये, लिहून मोकळ्या झाल्या होत्या. निदान कागदावर तरी राहावं म्हणून. मुंबईत पेडर रोडवर भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय उघडलं ते 2019 मध्ये. तोवर कोल्हापूरच्या मुलीचं ऑस्कर सातासमुद्रापार पोचलेलं होतं. 15 ऑक्टोबर 2020 रोजी त्या गेल्या. त्याच डिसेंबरात त्यांची जुनी चित्रं लिलावात आली, आणि लोकांनी विचारलं, या चित्रकारही होत्या?

आजची संध्याकाळ. उल्हासनगरचं गजानन मार्केट, गर्दी एकमेकांच्या अंगावर. बदलापूरची एक मुलगी कॉलेजच्या कार्यक्रमासाठी साडी घ्यायला आली आहे. दुकानदार नारिंगी एक काढतो: शिवलेली, निऱ्या पक्क्या, बाजूला चेन. "दोन मिनिटांत नेसून होते, बघा." ती आत जाऊन घालून येते. कमरेत आवळतेय. दुकानाच्या मागच्या बाजूला मशीनवर एक मावशी बसल्या आहेत. मुलगी त्यांना विचारते, "यात वाढवता येईल का हो?"

मावशी साडी उलटी करतात, शिवण चाचपतात आणि उसवायची कातर हातात घेतात. "बस जरा. आत माया ठेवलीय."